सरफेस क्लीनर गोल रेषा सोडतोय, प्रेशर पडतंय, मोटर ट्रिप होतेय? आधी नोझलचा नंबर बघा

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी हीच तक्रार कानावर येते. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक शेवाळाने काळे-हिरवे पडलेले असतात, दिवाळीच्या आत साफ करून हवे असतात, कुणीतरी हौसेने किंवा धंद्यासाठी सरफेस क्लीनर आणलेला असतो, म्हणजे ते चाकांवरचं गोल झाकण, आत फिरणारा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन नोझल. तो प्रेशर वॉशरला जोडला की दांडा फिरतो पण शेवाळ निघत नाही, किंवा निघतं पण जमिनीवर नुसती वर्तुळं उमटतात, किंवा दांडा फिरायलाच तयार नसतो, किंवा मशीन टक टक टक करत बायपास मारत, म्हणजे पाणी मागे फिरवत राहतं आणि दहा मिनिटांत एमसीबी पडतो. मग लोक स्वीव्हल, म्हणजे दांडा ज्यावर फिरतो तो जॉइंट बदलतात, पंपाचं पॅकिंग बदलतात, कुणी बायपासचा नट आवळतो, आणि महिनाभराने परत तेच.

यातल्या बहुतेक केसमध्ये पंपही बरा असतो आणि क्लीनरही बरा असतो, दोघांच्या मधलं नोझल चुकीच्या नंबरचं असतं. क्लीनरच्या खोक्यात जे नोझल येतं ते बनवणाऱ्याने त्याच्या डोक्यात असलेल्या मशीनसाठी घातलेलं असतं, तुमच्या मशीनसाठी नाही. वीस इंची मोठे क्लीनर बऱ्याचदा ४ जीपीएम म्हणजे मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी धरून बनवलेले असतात आणि आपल्याकडे तो जातो ३ एचपीच्या बेल्टवाल्या पंपावर, जो मिनिटाला १० लिटर देतो. तिथेच सगळं बिघडतं.

आता हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. आपला प्लंजर पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त पाणी ढकलतो, दर फेऱ्याला ठरावीक पाणी. प्रेशर तयार होतं ते नोझलच्या भोकापाशी, बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं तसं. भोक मोठं तर प्रेशर कमी, भोक लहान तर प्रेशर जास्त, आणि मशीनच्या प्लेटवर जे २०० बार लिहिलेलं असतं ते फक्त योग्य भोक असेल तरच मिळतं. म्हणून ‘माझं मशीन २०० बारचं आहे’ एवढं सांगून कोणी तुम्हाला नोझल देत असेल तर त्याला आधी विचारा की लिटर किती ते का नाही विचारलं.

नंबर कसा वाचायचा

नोझलच्या षटकोनी अंगावर बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. २५०२ किंवा २५०२० असेल तर पहिले दोन आकडे म्हणजे फवाऱ्याचा कोन, २५ डिग्री, आणि उरलेले म्हणजे साइज, २.०. तसंच २५०२५ म्हणजे २५ डिग्री आणि २.५, १५०३० म्हणजे १५ डिग्री आणि ३.०. गनच्या क्विक नोझलला कोनाचे रंग असतात, लाल शून्य, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०, काळा साबणाचा ६५, पण सरफेस क्लीनरची चुडीवाली नोझलं बहुतेक नुसती स्टीलची असतात, त्यामुळे नंबरच वाचावा लागतो. रंग साइज सांगत नाही हेही लक्षात ठेवा, हिरवं नोझल २.० चंही असतं आणि ५.० चंही.

साइजचा अर्थ असा की ४००० पीएसआयला, म्हणजे सुमारे २७६ बारला, त्या नोझलमधून तेवढे गॅलन पाणी मिनिटाला जातं. ४.० नोझल म्हणजे ४००० पीएसआयला ४ गॅलन. आपल्याला गॅलन आणि पीएसआयशी काही देणंघेणं नाही, म्हणून आपल्या मापात बसवलेलं सूत्र देतो, हे मशीनच्या बॉडीवर मार्करने लिहून ठेवा:

नोझलचा एकूण नंबर = लिटर प्रति मिनिट × ४.४ ÷ बारचं वर्गमूळ

आणि जो आकडा येईल त्याला दांड्यावर जितकी नोझलं आहेत तितक्याने भागायचं. दोन असतील तर दोनाने, तीन असतील तर तिनाने. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, गनला ४.० चालतं म्हणून क्लीनरला पण दोन्हीकडे ४.० लावतात, म्हणजे पंपाच्या दृष्टीने ते ८.० झालं, आणि भोक दुप्पट झालं की प्रेशर निम्मं नाही, चौथा हिस्सा होतं.

गेजवर जर किलो लिहिलं असेल, आपले मेकॅनिक ‘दीडशे किलो प्रेशर’ म्हणतात ते, तर ते बारच धरून चाला, दोन टक्क्यांचा फरक आहे, नोझल निवडताना तो काही आडवा येत नाही.

प्लेटवरच्या लिटरवर विश्वास ठेवू नका, बादलीने मोजा

बेल्टवाल्या पंपात किती लिटर येणार हे पुलीवर ठरतं. वर्कशॉपमध्ये मोटर बदलताना पुली बदललेली असते, प्लेट मात्र जुनीच. सेकंडहँड मशीन असेल तर विचारायलाच नको. म्हणून क्लीनर काढा, गनचं नोझल काढा, पाइपचं तोंड वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत किंवा पाण्याच्या जारमध्ये धरा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. वीस लिटर दोन मिनिटांत भरलं तर १० एलपीएम म्हणजे मिनिटाला १० लिटर, शंभर सेकंदात भरलं तर १२, ऐंशी सेकंदात भरलं तर १५, साठ सेकंदात तर २०. मोजताना बायपासच्या नळीतून पाणी परत जात नाहीये ना ते बघा, नाहीतर आकडा खोटा येईल. आणि टाकीतून पंपाला येणारी नळी बारीक असेल, गळत असेल किंवा फूट-व्हॉल्व्हमध्ये कचरा असेल तर तिथेच पाणी कमी पडतं, पंप हवा ओढतो, गेजचा काटा थरथरतो, आणि मग नोझल कोणतंही लावा काही उपयोग नाही, म्हणून सक्शन आधी नीट करा.

आता उदाहरणं घेऊ म्हणजे डोक्यात बसेल.

१० एलपीएम, १५० बारचं मशीन. दहा गुणिले ४.४ म्हणजे ४४, दीडशेचं वर्गमूळ १२.२५, भागलं की ३.६. दोन नोझलला प्रत्येकी १.८. बाजारात सहज मिळतं १.५ आणि २.०. दोन्हीकडे २.० लावलं तर एकूण ४.० आणि प्रत्यक्ष प्रेशर येईल सुमारे १२० बार. दोन्हीकडे १.५ लावलं तर पंपाला २१४ बार लागतील, जे तो देऊ शकत नाही, मग बायपास उघडणार, टक टक सुरू. आणि खोक्यात आलेलं ३.० तसंच ठेवलं तर? एकूण ६.०, प्रेशर फक्त ५३-५४ बार. दांडा आळसावल्यासारखा फिरतो, वरची माती जाते, शेवाळाचं मूळ तसंच राहतं, आणि पंधरा दिवसांत परत हिरवं. ‘क्लीनर बेकार निघाला’ अशी जी तक्रार असते ती बहुतेक वेळा या ५३ बारची असते.

१५ एलपीएम, २०० बार, साडेसात एचपी. सूत्राने एकूण ४.६६, प्रत्येकी २.३. इथे २.५ लावा, प्रेशर येतं १७३ बार. २.० लावलं तर पंपाला २७० बार लागतील, बायपास २०० वर सेट असेल तर जवळपास दोन लिटर पाणी सतत मागे फिरत राहणार, आणि बायपासची नळी जर टाकीत न सोडता पंपाच्या इनलेटलाच जोडलेली असेल तर तेच पाणी फिरून फिरून गरम होतं आणि सील जातात.

घरगुती सिंगल फेजचं छोटं मशीन, ७ एलपीएम आणि १०० बार धरलं तर एकूण ३.१, प्रत्येकी १.५, बरोबर बसतं. पण त्याला बारा इंचापेक्षा मोठा क्लीनर लावू नका, त्याबद्दल खाली सांगतो.

आता अडचणीची केस, १२ एलपीएम, १५० बार, ५ एचपी, आणि आपल्याकडे कार वॉशिंगवाल्यांकडे हे कॉम्बिनेशन भरपूर दिसतं. एकूण ४.३, प्रत्येकी २.१५. वाटतं की २.० घ्यावं, जवळच आहे. पण २.० ने पंपाला १७३ बार लागतात, १५० च्या पंपाला ते जास्त होतं. २.५ घेतलं तर १११ बारवर येतं. मग कुणीतरी सुचवतं की एका बाजूला २.० आणि दुसऱ्या बाजूला २.५ लावा, बेरीज ४.५, हिशोब जुळला. असं अजिबात करू नका. दोन टोकांना वेगवेगळा धक्का बसला की दांडा थरथरतो, स्वीव्हलचं बेअरिंग एका सीझनमध्ये खलास होतं आणि जमिनीवर एक रेष गडद, एक फिकट अशी पट्टी उमटते. दोन्हीकडे एकच नंबर, एकाच मेकचं, एकाच वेळी घेतलेलं, याला पर्याय नाही. १२ एलपीएमवाल्यांसाठी चांगला मार्ग म्हणजे तीन हातांचा दांडा मिळाला तर त्याला तीन १.५, एकूण ४.५, प्रेशर १३७ बार, छान बसतं. तो नाही मिळाला तर माझं स्पष्ट मत, २.५ लावा आणि १११ बारवर काम करा. शेवाळाला १५० बार लागतातच असं नाही, आधी औषध मारून ठेवलं तर १११ पुरतात, आणि जुन्या पेव्हरचं तोंडही वाचतं.

नंबर मधोमध आला तर वर जायचं की खाली, याचं उत्तर मोटर देते. पाण्यावर लागणारी ताकद किलोवॉटमध्ये काढायची असेल तर एलपीएम गुणिले बार भागिले ६००, आणि मोटरला त्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त लागते. १५ एलपीएम २०० बारला पाण्यावरच ५ किलोवॉट गेले, मोटरला जवळपास ५.९ लागणार आणि साडेसात एचपी म्हणजे ५.६ च. म्हणजे प्लेटवर जे लिहिलंय ते मोटरला सतत झेपणारं नाही. तेच १७३ बारला ५.१ मध्ये भागतं. म्हणून मी नेहमी वरचा नंबर घ्या म्हणतो. आपल्याकडे दुपारी व्होल्टेज पडतं, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर बारीक आणि पन्नास फूट लांब असते, त्यात मोटर आधीच काठावर असेल तर एमसीबी पडणारच, आणि एमसीबी मोठा बसवणं हा त्यावरचा उपाय नाही, त्याने वाइंडिंग जळतं.

बायपासचा नट आवळणं बंद करा

हे वेगळं लिहितोय कारण यात मशीन खराब होतात आणि माणसं जखमी होऊ शकतात. प्रेशर कमी वाटलं की पहिला हात अनलोडरच्या, म्हणजे बायपासच्या व्हॉल्व्हच्या नटाकडे जातो. पण नोझल मोठं असेल तर पंपाचं सगळं पाणी आधीच नोझलमधूनच जातंय, बायपासमधून एक थेंबही परत येत नाहीये, मग नट आवळून वाढणार काय? गेज आहे तिथेच राहतो. माणूस अजून एक फेरा आवळतो. मग गनचा ट्रिगर सोडला की सगळं पाणी अडतं, आणि आता अनलोडर उघडायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्रेशर लागतं, तो झटका पाइपला, कपलिंगला, पंपाच्या हेडला बसतो. पाइप फुटतो तो असा. नोझल योग्य लावा, मग ट्रिगर दाबून गेज बघत नट सेट करा, चालू प्रेशर आणि ट्रिगर सोडल्यावरचं प्रेशर यात थोडाच फरक राहायला हवा, फार उडी मारत असेल तर नट सैल करा.

याउलट टक टक आवाज आणि काटा वरखाली होत असेल तर नोझल लहान आहे किंवा दोनापैकी एक चोक झालंय. १० एलपीएमच्या मशीनला दोन २.० आहेत आणि एक बुजलं तर सगळा भार एका २.० वर, कागदावर ४८० बारच्या पुढे जातो, म्हणजे अनलोडर सतत उघडझाप करणार. क्लीनर नवीन असताना बरा चालायचा आणि मध्येच एके दिवशी टक टक सुरू झाली, तर नंबर चुकलेला नाही, नोझल बुजलंय.

बुजण्याची कारणं ठरलेली असतात. २.० चं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, त्याला वाळूचा एक कण पुरतो. बोअरच्या पाण्यातली वाळू, टाकीतला गंज, क्षाराचे पापुद्रे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे टेफ्लॉन टेपचे तुकडे. जॉइंट करताना टेप चुडीच्या तोंडापर्यंत गुंडाळतात, त्याची शेपटी आत सुटते आणि थेट नोझलमध्ये जाऊन बसते. पहिला आटा मोकळा सोडून टेप लावा, आणि पाइप, कपलिंग काहीही बदललं की आधी दोन्ही नोझल काढून एक मिनिट नुसतं पाणी सोडा, मगच नोझल बसवा. पंपाच्या इनलेटला बारीक जाळीचा फिल्टर हवाच, आणि क्लीनरच्या तोंडाशी छोटा जाळीवाला इनलाइन फिल्टर मिळाला तर लगेच घ्या.

साफ करायला स्टोव्हची पिन किंवा सुई घालू नका. भोकाच्या कडेवर एक ओरखडा पडला की फवाऱ्याचा पंखा फाटतो, फवारा एका बाजूला कलतो. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, उलट्या बाजूने घाला आणि मागून पाणी मारा. क्षार असतील तर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर टाकून ठेवा.

गोल रेषा का उमटतात

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण गिऱ्हाईक प्रेशर बघत नाही, जमीन बघतं.

नोझल जमिनीपासून साधारण तीन सेंटिमीटर वर असतं. २५ डिग्रीचा फवारा तेवढ्या उंचीवर जमिनीवर पडतो तेव्हा त्याची रुंदी फक्त तेरा मिलिमीटर होते. म्हणजे दांड्याच्या एका टोकाने एका फेरीत तेरा मिलिमीटरची एक अंगठी साफ केली. बाकीची जमीन साफ होते ती तुम्ही क्लीनर पुढे ढकलता म्हणून. दांडा मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर दोन नोझल मिळून सेकंदाला तेहतीस वेळा जमीन पुसतात, तुम्ही सेकंदाला चाळीस सेंटिमीटर चाललात तरी अंगठ्या एकमेकीला चिकटतात. पण तोच दांडा तीनशे फेऱ्यांवर आला तर सेकंदाला दहाच वेळा, मग सेकंदाला तेरा सेंटिमीटरपेक्षा जोरात गेलात की दोन अंगठ्यांमध्ये न धुतलेली जागा राहिली, आणि तीच ती नक्षी. आता दांडा कशाने फिरतो? नोझल किंचित तिरकी बसवलेली असतात आणि पाण्याच्या उलट्या धक्क्याने दांडा फिरतो. नोझल मोठं, प्रेशर कमी, धक्का कमी, फेरे कमी, रेषा जास्त. म्हणजे रेषांचं मूळही परत नोझलच्या नंबरपाशी येतं.

म्हणून रेषा दिसल्या की आधी हळू चाला, रेषा गेल्या तर फेरे कमी पडतायत, नंबर तपासा. हळू चालूनही राहिल्या तर एक नोझल बुजलंय का, किंवा नोझलची चीर फिरलीये का बघा. चपट्या फवाऱ्याच्या नोझलला तोंडावर एक चीर असते, ती दांड्याच्या रेषेत हवी, म्हणजे पंखा दांड्याच्या लांबीच्या दिशेने पसरतो आणि तेरा मिलिमीटर पूर्ण मिळतात. चीर आडवी झाली तर फवारा दोन-तीन मिलिमीटरची सुरीसारखी रेघ मारत जातो. नोझल आवळताना घट्ट झालं तेव्हा चीर भलतीकडेच असेल तर टेपचा एक वेढा कमीजास्त करा, आणि दोन्ही बाजू सारख्या बसवा.

कडेला उठून दिसणारा पट्टा राहतो तो वेगळा, तो सगळ्याच क्लीनरला राहतो कारण कडेवर फवारा एकाच जागी जास्त वेळ घासतो. दर पट्टीला एक तृतीयांश आधीच्या पट्टीवर चढवत गेलात की तो दिसत नाही.

कोनाबद्दल थोडक्यात. २५ डिग्री हे सरफेस क्लीनरचं रोजचं नोझल. ४० घेतलं तर तीच रुंदी बावीस मिलिमीटर होते, रेषा कमी पण मारही कमी, रंगीत पेव्हर आणि टाइल्सला बरं. १५ फक्त जाड सिमेंट काँक्रीटवर. शून्य डिग्री क्लीनरला कधीच नाही, ते काँक्रीटमध्ये कायमचे गोल चरे पाडतं आणि ते परत भरून येत नाहीत.

दांडा अजिबात फिरतच नसेल तर पाणी बंद करून हाताने फिरवून बघा. हाताने अडखळत असेल तर स्वीव्हलमध्ये क्षार किंवा वाळू, ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस मारा, नसेल तर खोलावं लागेल. हाताने मोकळा फिरतोय पण पाण्यावर फिरत नाही, तर प्रेशर तपासा, आणि दांडा नुकताच कुणी खोलला असेल तर एक नोझल उलट्या दिशेला तोंड करून बसलंय का बघा, दोन्ही धक्के एकमेकांना मारतात आणि दांडा जागच्या जागी थरथरतो.

क्लीनरची साइज आणि पाइप

सर्वसाधारण हिशोब असा की क्लीनरच्या दर चार-पाच इंच व्यासाला एक जीपीएम म्हणजे पावणेचार लिटर पाणी हवं. १० एलपीएमला बारा-तेरा इंच, १५ एलपीएमला सोळा ते वीस, २० एलपीएमला वीस ते चोवीस. १० लिटरच्या मशीनला वीस इंची लावला तर योग्य नोझल लावूनही टोकांचा घेर एवढा मोठा होतो की पाणी पुरत नाही. मोठा क्लीनर घेतला की काम लवकर होईल हे पंप मोठा असेल तरच खरं आहे.

पाइपचं नुकसान लोक धरतच नाहीत. १५ एलपीएम पाणी आतून पाव इंची असलेल्या तीस मीटर पाइपमधून नेलं तर वाटेतच तीस बारच्या आसपास जातात. तोच पाइप आतून तीन अष्टमांश इंची असेल तर चार-पाच बार. पंपावरचा गेज १७० दाखवतो आणि नोझलला पोचतात १४०. गेज शक्य असेल तर क्लीनरच्या तोंडाशी टी लावून एकदा तरी बघा. आणि द्राक्षबागेच्या फवारणीचा साडेआठ एमएमचा पिवळा पाइप इथे वापरू नका, एचटीपी पंप वीस ते चाळीस बारवर चालतो, त्याचा पाइप त्यासाठीच बनलेला आहे. तसंच एचटीपी पंपावर सरफेस क्लीनर चालेल का असं शेतकरी मित्र विचारतात, लिटर भरपूर आहेत पण प्रेशर नाही, तो पैसा वाया जाईल.

चुडीकडेही लक्ष द्या. बाहेरून आलेल्या क्लीनरला अमेरिकन एनपीटी आटे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बीएसपी मिळतं. पाव इंची एनपीटीला इंचाला १८ आटे, बीएसपीला १९. दोन-तीन फेरे नीट जातात, मग जड लागतं, माणूस पान्याने आवळतो आणि दांड्याचा आटा कायमचा जातो. हाताने चार फेरे सहज जात नसतील तर तिथेच थांबा. छोट्या क्लीनरला एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंची नोझल असतात, ऑर्डर करण्याआधी जुनं काढून बरोबर घेऊन जा.

नोझल झिजतं हे पण धरून चाला. भोकातून दहा टक्के पाणी जास्त जायला लागलं की प्रेशर सतरा टक्क्यांनी पडतं, आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज काम करणाऱ्याला कळत नाही. नवीन जोडी बसवली त्या दिवशी गेजवर किती आलं ते मशीनवर लिहून ठेवा, त्यापेक्षा पंधरा टक्के खाली आलं की जोडी बदला, एकच नाही, जोडी.

नोझलला हात लावण्याआधी मशीन बंद, पाणी बंद, मग ट्रिगर दाबून पाइपमधलं प्रेशर काढा. चालू क्लीनर उलटा करून ‘फिरतोय का’ बघणं फार धोक्याचं आहे. एवढ्या प्रेशरचं पाणी कातडीतून आत शिरतं, बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत बोटाचं, हाताचं नुकसान झालेलं असतं, अशा वेळी घरी मलमपट्टी न करता थेट हॉस्पिटलला जायचं आणि तिथे प्रेशर वॉशरची जखम आहे असं स्पष्ट सांगायचं. ओल्यात विजेचं मशीन चालवताना आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा.

जमिनीप्रमाणे थोडं सांगतो. शेवाळाच्या पेव्हरवर आधी हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट पातळ करून मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, झाडांची मुळं आधी पाण्याने भिजवून ठेवा, आणि हायपोबरोबर किंवा हायपोच्या आधी-नंतर लगेच अ‍ॅसिड वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. जुन्या पेव्हरचा रंगीत थर पातळ असतो, शंभर-सव्वाशे बारच्या वर जाऊ नका, आणि सांध्यातली वाळू निघतेच, वाळल्यावर परत भरायची हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. शहाबादी आणि कोटा चांगले टिकतात, पण शहाबादीचा पापुद्रा सुटलेला असेल तर तिथे हाताने. कोकणातल्या अंगणातला आणि देवळाच्या आवारातला जांभा मात्र मऊ दगड, भोकाभोकांचा, त्यावर क्लीनरच्या रेषा कोरल्या जातात आणि शंभर वर्षांचा दगड एका दुपारी विद्रूप होतो. तिथे मोठ्या नंबरची ४० डिग्रीची जोडी लावून मुद्दाम प्रेशर पाडा, १० एलपीएमला दोन ३.० लावले की तेच ५३ बार येतात जे पेव्हरला कमी पडत होते, आणि तेही आधी कोपऱ्यातल्या एका दगडावर बघून.

क्लीनर काढून कडा आणि पायऱ्यांसाठी गन लावाल तेव्हा गनचं नोझल क्लीनरच्या बेरजेएवढं हवं. क्लीनरला दोन २.० तर गनला एक ४.०, दोन २.५ तर गनला ५.०. तसं असेल तर बदलताना अनलोडरला हात लावावा लागत नाही आणि गेज दोन्हीकडे सारखाच दिसतो, आणि सारखा दिसला नाही तर दोन्हीपैकी कुठलं नोझल झिजलंय किंवा बुजलंय हेही तिथेच कळतं.